एक गाळणी आणि एक दिवा

आमच्या घरात मोटार आहे, हे वाक्य १९९० साली उच्चारताना आमचा आवाज किंचित खाली येत असे. शाळामास्तराने मोटार बाळगावी हे इंदूरच्या आमच्या मराठी वस्तीत त्या काळी थोडेसे आगाऊपणाचेच समजले जाई. आज तेच वाक्य उच्चारतानाही आवाज खाली येतो, परंतु कारण निराळे आहे. मोटार तीच आहे! पांढरी मारुती ८००. तीन सिलिंडरांची, कार्ब्युरेटरवर चालणारी. १९८३च्या डिसेंबरात ही गाडी भारतात रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. आमचे आणि तिचे सख्य मात्र अद्याप थांबलेले नाही. दर पाच वर्षांनी तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावयास आम्ही परिवहन कार्यालयात जातो, तेव्हा तेथील कारकून एकदा गाडीकडे व एकदा आमच्याकडे पाहतो, आणि दोघांनाही आणखी पाच वर्षे देऊन टाकतो.

अशा वयोवृद्ध गाडीची लहानसहान कामे घरीच करावी लागतात. कार्ब्युरेटर ज्यांच्या बोटांना ओळखत होता ते मिस्त्री एकेक करून निवृत्त झाले, आणि आजच्या तरुण कारागिराला बॉनेट उघडल्यावर प्रथम संगणकाची तार कोठे खोचावयाची हा प्रश्न पडतो. तेव्हा तेल बदलणे, प्लग साफ करणे, पट्टा ताणणे ही कामे आम्ही अंगणातच उरकतो. त्यांपैकी एका कामाविषयी आज लिहावयाचे आहे. पेट्रोलचा फिल्टर बदलणे हे ते काम. ते अवघ्या वीस मिनिटांचे आहे. पण ते वीस मिनिटांचे आहे असे समजून आम्ही एकदा आमचे घर आणि घरातली माणसे जवळजवळ गमावली होती. ही कबुली सत्तावीस वर्षे उशिरा देत आहोत.

फिल्टर म्हणजे पेट्रोलची गाळणी. मुठीत मावेल एवढी प्लॅस्टिकची डबी, आत घड्या घातलेला कागद, एका बाजूने पेट्रोल आत येण्याची नळी आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाण्याची. टाकी असते मागच्या आसनाखाली. तेथून निघालेले पेट्रोल या डबीतून पंपाकडे आणि पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाते. टाकीतला गंज, पेट्रोलबरोबर आलेली माती, पावसाळ्यातल्या दमट हवेचे पाणी, हे सारे त्या कागदाने अडवावे अशी योजना. चहाच्या गाळणीत चोथा साठला म्हणजे कपात चहा थेंबाथेंबाने उतरतो, येथेही तेच. मौज अशी की, अर्धवट तुंबलेली गाळणी घरासमोर गाडी सुरू केल्यावर काहीच तक्रार करीत नाही. उभ्या गाडीला पेट्रोल लागते ते थोडे, आणि तेवढे तीतून झिरपते. चढ लागला, वेग वाढवला, की मागणी वाढते. पुरवठा तेवढाच राहतो. आणि गाडी आचके देऊ लागते.

१९९८ सालच्या श्रावणात आमच्या गाडीने असे आचके दिले ते नेमके भेरूघाटात. ओंकारेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही परतत होतो. गाडीत आमच्या मातोश्री, आमच्या सौ. आणि दहा वर्षांचे चिरंजीव होते. बडवाह मागे टाकून घाट चढू लागलो, आणि वळणावळणावर गाडी खोकू लागली. थांबावे, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करावी, दोन वळणे चढावी, पुन्हा थांबावे. मागून येणाऱ्या मालमोटारींचे भोंगे आणि वरून पाऊस. अखेर एका मालमोटारीचा चालक खाली उतरला. त्याने बॉनेट उघडून क्षणभर पाहिले आणि म्हणाला, "मास्साब, फिल्टर चोक है. अभी चला देता हूँ, घर जाके बदल लेना." आम्ही मास्तर आहोत हे त्याने कसे ओळखले, हे कोडे आम्हांस अजून उलगडलेले नाही. त्याने डबी काढली, उलट्या बाजूने तोंडाने फुंकली, थुंकला, पुन्हा बसवली. गाडी इंदुरास पोहोचली.

दुसरे दिवशी सकाळी एक नवा फिल्टर आणून ठेवला. किंमत एका वेळच्या भाजीएवढी. गॅरेजमध्ये जाण्याचा विचारही मनात आला नाही. ज्याने चौतीस वर्षांच्या नोकरीपैकी तेव्हा बावीस वर्षे मुलांना रसायनशास्त्र शिकवले होते, त्याने दोन नळ्या काढून दोन नळ्या लावण्यासाठी मिस्त्र्याकडे जावे? त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी आईला मोतीबिंदूच्या तपासणीसाठी दवाखान्यात न्यावयाचे होते, म्हणून काम त्याच संध्याकाळी उरकावयाचे ठरले. शाळेतून आलो, चहा घेतला, आणि साडेपाचच्या सुमारास अंगणात उतरलो.

येथे आमच्या अंगणाचे वर्णन करणे प्राप्त आहे. शहाबादी फरशीचे ते अंगण फाटकापासून आतल्या बाजूस उतरते आहे. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून वडिलांनी मुद्दाम तसा उतार ठेवला होता. उताराच्या तळाशी मोरी, आणि मोरीच्या अलीकडे दोन हातांवर तुळशीवृंदावन. गाडी नेहमीप्रमाणे तोंड तुळशीकडे करून उभी होती. म्हणजे पेट्रोलची टाकी वर आणि इंजिन खाली. टाकी आम्ही आदल्याच रात्री काठोकाठ भरून घेतली होती. यातली एकही गोष्ट त्या वेळी आम्हांस महत्त्वाची वाटली नाही.

क्लिपा सैल केल्या, टाकीकडची नळी ओढली, ती निघेना म्हणून हिसका दिला, आणि निघाली ती पेट्रोलची धार घेऊनच. चार थेंब पडतील अशी आमची अपेक्षा होती. पण वर भरलेली टाकी, खाली उघडी नळी, मग धार थांबावी का म्हणून? आम्ही अंगठा दाबून धरला. चिरंजीवांस बूच आणावयास पिटाळले. बूच बसेना. खाली ठेवलेली बेसनाची प्लॅस्टिकची बरणी कलंडली. अंधारून येऊ लागले होते म्हणून वायरला लावलेला विजेचा दिवा बॉनेटला अडकवून ठेवला होता; त्याच्या तापलेल्या काचेपासून आमचा हात वीतभर अंतरावर होता. सारे आटोपून नवा फिल्टर बसेपर्यंत अर्धा लिटरभर पेट्रोल फरशीवर गेले असावे. ते फडक्याने पुसले, फडके गाडीखालीच टाकले आणि विजयी मुद्रेने हात धुवावयास गेलो.

तेवढ्यात दिवेलागण झाली. आई नेहमीप्रमाणे देवापुढे दिवा लावून, तुळशीपुढे ठेवावयाचे निरांजन हाती घेऊन ओसरीच्या पायरीवर आली. आणि तेथेच थांबली.

"अरे, कसला रे वास येतोय एवढा?" तिने विचारले.

"पेट्रोल सांडलं होतं जरासं. पुसलंय मी सगळं."

"दिवा नेऊ का मग खाली?"

आणि आम्ही, रसायनशास्त्राचे शिक्षक, हात पुशीत म्हणालो, "ने की. काही होत नाही."

आई क्षणभर तशीच उभी राहिली. मोतीबिंदूमुळे तिला फरशीवरचा ओलावा दिसणे शक्यच नव्हते. पण ती पायरी उतरली नाही. निरांजनाच्या ज्योतीवर पदराचा आडोसा धरून ती मागे वळली, निरांजन देवघरात ठेवून आली, आणि पायरीवरूनच अंधारातल्या तुळशीला तिने हात जोडले. म्हणाली, "एक दिवस अंधारात राहिली म्हणून तुळस काही रागवायची नाही."

आम्हांस थोडा रागच आला. आमच्या ज्ञानावर अविश्वास दाखवला गेला असे वाटले. जेवताना आम्ही त्यावर एक लहानसे व्याख्यानही दिले. आईने ते ऐकून घेतले आणि ताकाचा गडवा पुढे सरकवला.

रात्री झोप येईना. वास अजून येतच होता. आणि मग, कोणी कानात सांगावे तसे, आम्हांस आमचेच एक प्रात्यक्षिक आठवले. दरवर्षी आठवीच्या वर्गात आम्ही एक पन्हळ तिरकी ठेवून तीत ओळीने मेणबत्त्या लावीत असू, आणि वरच्या टोकाने कार्बन डायऑक्साइड वायू ओतीत असू. डोळ्यांना काहीच दिसत नसे. पण वरची मेणबत्ती विझे, मग दुसरी, मग तिसरी. "हा वायू हवेपेक्षा दीडपट जड आहे, म्हणून पाण्यासारखा उतारावरून वाहतो," असे आम्ही सांगितले की मुले टाळ्या वाजवीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. आमचे अंगण ही तीच तिरकी पन्हळ होती. वरच्या टोकाला सांडलेले पेट्रोल आणि खालच्या टोकाला दिव्याची जागा. फरक इतकाच की, हा वायू दिवा विझवणारा नव्हता.

उठून दिवा लावला आणि कागद घेऊन गणित मांडले. शंभर मिलिलिटर, म्हणजे लहानशी वाटीभर पेट्रोल, पूर्ण उडाले तर त्याची सुमारे वीस लिटर वाफ होते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण शेकडा १.४ झाले की ते मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजे एका वाटीतून चौदाशे लिटर ज्वालाग्राही हवा! अर्ध्या लिटरातून सात हजार लिटर. गच्चीवर ठेवतात त्या हजार लिटरच्या सात टाक्या भरतील इतकी हवा आमच्या अंगणात, मोरीत आणि तुळशीच्या आसपास न दिसता दबा धरून बसण्याची शक्यता होती. फडक्याने पुसले म्हणून ती जात नाही. फडके तर स्वतःच वाफेचे कोठार बनते. आमची पिढी घासलेटच्या स्टोव्हवर वाढलेली, त्यामुळे पेट्रोल हा घासलेटचाच थोडा तापट भाऊ अशी आमची समजूत. वस्तुतः घासलेटला पेट घेण्याइतकी वाफ सोडण्यास साधारण चाळीस अंशांची उष्णता लागते. पेट्रोल ते काम शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही करते. इंदूरच्या श्रावणात त्याला कोणाच्या मदतीची गरज नव्हती.

हे सारे आम्हांस ठाऊक होते. आम्ही ते शिकवीत होतो. त्यावर प्रश्न काढून दहा गुण ठेवीत होतो. आणि ज्या बाईने शाळेची चौथी इयत्ताही पाहिली नव्हती, तिने नाकाला विचारून योग्य उत्तर दिले होते. तिच्या हातात निरांजन, तिच्या मागे पायरीवर आमचा मुलगा, असे चित्र त्या रात्री डोळ्यांसमोरून हलेना. सकाळी आम्ही आईजवळ ते बोलून दाखवले. ती एवढेच म्हणाली, "चल, दवाखान्याला उशीर होतोय." २००९ साली ती गेली. तो विषय तिने पुन्हा कधी काढला नाही.

त्यानंतर फिल्टर अनेकदा बदलला. दरवेळी कागदावर यादी करून बदलला. परंतु ही हकीकत लिहावीशी वाटली ती गेल्या दिवाळीमुळे. २०२५च्या दिवाळीत आमचे तेच चिरंजीव, आता पुण्यास स्थायिक झालेले, सहकुटुंब आले होते. गाडीने पुन्हा चढावर आचके देण्यास आरंभ केला होता. सोळा वर्षांच्या नातीने विचारले, "आजोबा, मला शिकवाल का फिल्टर बदलायला? बाबांना येत नाही." चिरंजीव काही बोलले नाहीत. बूच शोधीत धावलेला तो दहा वर्षांचा मुलगा आम्हांस क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

भाऊबिजेनंतर दोन दिवसांनी सकाळी आठ वाजता काम काढले. सकाळी अशासाठी की इंजिन रात्रभर थंड झालेले असते, उजेड भरपूर असतो, आणि दिवसभराचा वारा हाताशी असतो. नातीचे पहिले काम आम्ही ठरवले ते शेजारच्या दोन घरी जाऊन येण्याचे. तेथल्या मुलांजवळ फटाके शिल्लक होते. "दुपारपर्यंत आमच्या बाजूला लावू नका," असे सांगून ती आली, आणि शेजारच्या काकांना विडी मागच्या दारी ओढावयाची विनंतीही करून आली. सौ.ने स्वयंपाकघराची अंगणाकडची खिडकी लावून घेतली. देवघरातली उदबत्ती त्या सकाळी लागली नाही.

गाडी या वेळी सपाट जागेवर, उघड्या आभाळाखाली उभी केली. बंद गॅरेजमध्ये हे काम करू नये, कारण वाफेला जावयास वाट राहत नाही. हातब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या. टाकी पाव भरलेली असताना मुद्दाम हे काम घेतले. जवळ पावडरचे अग्निशामक आणि कोरड्या वाळूची बादली ठेवली. पाण्याची बादली का नाही, असे नातीने विचारले. पेट्रोल पाण्यावर तरंगते. जळत्या पेट्रोलवर पाणी ओतले तर आग विझण्याऐवजी पाण्याबरोबर अंगणभर पसरते. अंगात दोघांच्याही सुती कपडे, डोळ्यांना चष्मे, हातांत पेट्रोलने न विरघळणारे रबरी मोजे. आणि एक बजावणी अशी दिली की, पेट्रोलच्या नळीला तोंड लावावयाचे नाही. ओढण्यासाठी नाही आणि फुंकण्यासाठीही नाही. भेरूघाटातल्या त्या सज्जनाचे उपकार आम्ही विसरलेलो नाही, पण त्याची पद्धत वाईटच. पेट्रोलचा घोट चुकून फुप्फुसात उतरला तर जिवावर बेतते. गिळले गेलेच तर उलटी काढवू नये, कारण वर येताना ते पुन्हा श्वासनलिकेत शिरू शकते. तडक डॉक्टरकडे न्यावे.

मग दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण बाजूची तार काढून बाजूला सारली. ठिणगी पडण्याचे घरातले सर्वांत जवळचे ठिकाण तेच. टाकीचे झाकण उघडून आत साठलेला दाब जाऊ दिला व झाकण पुन्हा लावले. जुन्या फिल्टरवरची धूळ आधी पुसून घेतली, म्हणजे ती नळीत जात नाही. फिल्टरवर बाण असतो. तो कोणत्या दिशेला आहे हे नातीने कागदावर काढून घेतले. बाण पेट्रोल वाहण्याच्या दिशेचा, म्हणजे टाकीकडून पंपाकडे. तो उलटा बसला तर सारे काम फुकट.

खाली पत्र्याचे ताट ठेवले. पकडीने क्लिपा मागे सरकवल्या. नळी ओढावयाची नाही, आधी पिळावयाची. वर्षानुवर्षे चिकटलेले रबर पिळल्याने सुटते आणि हिसका द्यावा लागत नाही. टाकीकडची नळी सुटताक्षणी तिच्या तोंडात बसेल असा गुळगुळीत बोल्ट आम्ही आधीच मोजून हाताशी ठेवला होता. नातीने तो बसवला. ताटात पडले ते दोन चमचे पेट्रोल. १९९८ साली एका बोल्टाची उणीव होती, दुसरे काही नाही!

नळ्या वाकवून पाहिल्या, तर बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या रबराला बारीक चिरा गेलेल्या. २०२५ साली देशात पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुन्या टाकीच्या तळाशी बसलेला मळ सोडवते आणि जुन्या जातीच्या रबराला सोसत नाही. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने फिल्टर पूर्वीपेक्षा लवकर तपासावा, आणि नळ्या बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या, पेट्रोलसाठीच बनवलेल्या नळ्याच घ्याव्यात. पाण्याची पारदर्शक नळी दिसावयास सुरेख असते. काही महिन्यांत ती काठीसारखी कडक होते आणि तडकते. आम्ही फिल्टरबरोबर नवी नळी आणि नव्या क्लिपाही आणून ठेवल्या होत्या. नळी फिल्टरच्या तोंडावरच्या फुगीर कड्याच्या पलीकडे जाईपर्यंत सरकवली, आणि क्लिप त्या कड्याच्या मागे बसवली. कड्यावरच बसलेली क्लिप पकडल्यासारखी दिसते, पण पकडीत काही नसते.

काम झाले. घड्याळात पाहिले तर अठरा मिनिटे झाली होती. नात बॅटरी जोडावयास उठली. आम्ही तिला बसवले. सांडलेले दोन चमचे उडून जाईपर्यंत अर्धा तास नुसते बसावयाचे, हा कामाचा सर्वांत अवघड भाग. त्या अर्ध्या तासात तिने जुना फिल्टर आतल्या बाजूने पांढऱ्या ताटलीत झटकला. तांबूस गंज, काळी माती आणि तळाशी पाण्याचे दोन मणी. "एवढंसं?" ती म्हणाली. आणि मग आम्ही तिला पणजीच्या निरांजनाची गोष्ट सांगितली. तिचे वडील पायरीवर बसून ऐकत होते. गोष्ट संपल्यावर ते म्हणाले, "बाबा, मला आठवतंय ते. आजीनं माझा दंड धरून मला मागे ओढलं होतं." हे आम्हांस ठाऊक नव्हते. एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात नातू. सत्तावीस वर्षे आम्ही अर्धीच गोष्ट जाणत होतो.

वास पुरता गेल्यावर बॅटरी जोडली. कार्ब्युरेटर रिकामा असल्यामुळे गाडी लगेच सुरू होत नाही. थांबून थांबून चार-पाच वेळा स्टार्टर मारावा लागतो. अशा वेळी कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतण्याची रस्त्यावरची रीत आहे. इंजिन उलटे फुरफुरले तर ज्वाला थेट ओतणाऱ्याच्या तोंडावर येते. आम्ही धीर धरला आणि गाडी सुरू झाली. बॅटरीच्या साध्या टॉर्चने दोन्ही जोड पाहिले, कोरडे होते. फेरी मारून आल्यावर इंजिन बंद करून पुन्हा पाहिले. फडकी उन्हाआड, वाऱ्यावर, एकेक पसरून वाळवली. गोळा करून कोपऱ्यात टाकली नाहीत. ताटातले पेट्रोल झाकणाच्या लोखंडी डब्यात गेले. मोरीत एक थेंबही नाही. हात साबणाने, कपडे वेगळे.

जाता जाता एक इशारा दिला पाहिजे. हे सारे आमच्यासारख्या जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीचे. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल वातावरणाच्या तीन-चार पट दाबाखाली असते, आणि गाडी बंद केल्यावरही तो दाब नळीत राहतो. पंपाचा फ्यूज काढून, इंजिन आपोआप बंद पडू देऊन दाब उतरवल्यावाचून तेथली नळी सोडणे म्हणजे तोंडावर फवारा घेणे. पुष्कळ नव्या गाड्यांत तर फिल्टर टाकीतच, पंपासह बसवलेला असतो. नव्या डिझेल गाड्यांतला इंजेक्टरकडचा दाब हजार वातावरणांहून अधिक असतो. तेथली गळतीची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत जाते, म्हणून ती बोटाने चाचपू नये. चिरंजीवांची नवी गाडी आम्ही बॉनेटही न उघडता कारागिराकडे धाडली. ज्यांच्या घरी मोकळे अंगण नाही, अग्निशामक नाही, अथवा अर्धा तास स्वस्थ बसण्याची सवड नाही, त्यांनी जुनी गाडीही खुशाल मिस्त्र्याकडे न्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा कशात असतो, ते आम्ही वर सविस्तर सांगितलेच आहे.

संध्याकाळी सौ.ने निरांजन लावून नातीच्या हाती दिले. काम संपून आठ तास उलटले होते. तरीही ती ओसरीच्या पायरीवर थांबली, निरांजन आमच्याजवळ देऊन रिकाम्या हाताने तुळशीपर्यंत गेली, मोरीजवळ वाकली, आणि परत आली.

"आजोबा, वास नाहीये. नेऊ?"

आम्ही घाईने हो म्हणालो नाही. आम्हीही खाली उतरलो, वाकून पाहिले, आणि मगच म्हणालो, "ने."